आमची वाटचाल : बॅटरीच्या दुकानापासून गाडीवरच्या लाइटपर्यंत

चिपळूणच्या बाजारपेठेत बॅटरी-इन्व्हर्टरचं हे दुकान वडिलांनी घातलं. मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. कोकणात पावसाळ्यात लाइट जाते आणि आमचा धंदा चालतो. सांगायचंय ते २२ जुलै २०२१ नंतरचं.

वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा दुकान सीझनच्या मालाने भरलेलं होतं. पाणी ओसरल्यावर शटर उचललं, तर ट्युब्युलर बॅटऱ्या गाळात रुतलेल्या, व्हेंटमधून आत चिखल. धुऊन, नवं ॲसिड भरून असल्या बॅटऱ्या चार महिने चालतातही. आम्ही सगळ्या भंगाराच्या ट्रकमध्ये चढवल्या. तरी बाजारातल्याच एका दुकानदाराने उठवून दिलं, "हे पुराच्या बॅटऱ्या पुसून विकतायत." दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक दारावरून पुढे जायचं. बँकेचा हप्ता थकला, डिस्ट्रिब्युटरने उधारी बंद केली. त्या दुकानदाराचं नाव घेत नाही, पण विसरलेलोही नाही.

तेव्हा वडिलांच्या वेळचे एक गुरुजी आले. नवी बॅटरी समोर ठेवायला लावली, माझ्या हातून हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची काचेची नळी) घेतला आणि सहाही सेलमधलं ॲसिड स्वतः ओढून पाहिलं. काचेतला फ्लोट दर वेळी १२४०ला येऊन थांबला, म्हणजे बॅटरी ठणठणीत, पूर्ण भरलेली. मग भर बाजारात, चारचौघांसमोर म्हणाले, "मी तपासून घेतली आहे." दुकान पुन्हा उभं राहिलं ते तिथून.

गुरुजींच्या घरी काकी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. मशीन साधारण साडेतीनशे वॅटचं. १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट, चारेक तासांत इन्व्हर्टर ओरडायला लागतो. पुढे त्यांच्या मुलाने व्ही-टू-एल (गाडीच्या बॅटरीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय) असलेली नेक्सॉन ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, ४०.५ युनिटच्या बॅटरीची. गुरुजी म्हणाले, "अरे, ही घराला जोडून दे." मशीन दिवसाला साडेआठ युनिट खातं. दवाखान्यात जायला वीस टक्के राखून ठेवले, तरी तीन दिवस निघतात.

त्याच दुकानदाराने मग दोन्ही टोकांना पिना असलेली वायर विकायला काढली. एक टोक गाडीच्या ॲडॅप्टरला, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. स्वस्तात काम! पण मेन स्विच चालू राहिला, तर तोच करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये जातो आणि ११,००० व्होल्ट होऊन लाइनवर चढतो. खांबावर महावितरणचा वायरमन असतो, त्याच्याही घरी माणसं आहेत. आम्ही डबल पोल चेंजओव्हर (महावितरण किंवा गाडी, एका वेळी एकच घराला जोडणारा आणि दोन्ही तारा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय गाडी जोडत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

सांगून ठेवतो. मशीन, फ्रिज, पंखे आणि राउटर एवढ्यांचीच लाइन वेगळी काढा. गाडीतून ३.३ केव्हीए मिळतात म्हणून गीझर आणि विहिरीचा पंप त्यावर टाकू नका. सुरू होताना पंप कितीतरी पट करंट ओढतो. गाडीचा न्यूट्रल अर्थला बांधलेला असेलच असं नाही, त्यामुळे घरातला ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) त्या लाइटवर ट्रिप होईल असं गृहीत धरू नका, वायरमनकडून तपासून घ्या. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की गाडी आधी पूर्ण चार्ज करा आणि उंचावर लावा. आणि नवी गाडी घेताना व्ही-टू-एल त्याच व्हेरियंटला आहे का, ॲडॅप्टर सोबत मिळतो का, हे शोरूमवाल्याकडून लिहून घ्या.