भाषा एक पायरी खाली, नायक दोन वर्षं पुढे

सोमवार

मुलांना सुट्टीत भेट द्यायच्या पुस्तकांची यादी करायला बसलं की पहिला रकाना वयाचा पडतो. तो काढला आणि खोडला. वयाची विभागणी दुकानाच्या फळ्यांसाठी ठीक आहे: आठ ते बारा एकीकडे, तेराच्या पुढचे दुसरीकडे. पण दहा वर्षांच्या दोन मुलांत एक जण दोनशे पानं दोन दिवसांत फस्त करतो आणि दुसरा पाचव्या पानावर उशी शोधतो. फळी दोघांची एकच.

त्याऐवजी तीन प्रश्न लिहिले. स्वतःहून संपवलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? ते किती दिवसांत संपलं? सध्या डोक्यात कशाचं खूळ आहे?

पहिला प्रश्न आईवडिलांना विचारताना जपून विचारावा लागतो. ‘त्याला काय आवडतं?’ म्हटलं की त्याला काय आवडावं अशी त्यांची इच्छा आहे, ते ऐकायला मिळतं. ‘घरातल्या कोणत्या पुस्तकाची पानं सुटायला आलीत?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. धाकट्या भावंडाला विचारलं तर त्याहून खरं, शिवाय फुकटात चुगल्या.

माझा ठोकताळा एकच: भाषा एक पायरी खाली, नायक दोन वर्षं पुढे. मोठी माणसं नेमकं उलटं करतात. ‘हुशार आहे, पेलेल’ म्हणून जड भाषेचं पुस्तक घेतात आणि ‘अजून लहान आहे’ म्हणून त्यातला नायक मात्र वाचणाऱ्यापेक्षा धाकटा निघतो. दहा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या पोराची उचापत वाचायची असते. तेरा वर्षांची मुलगी अकरा वर्षांच्या नायिकेकडे ढुंकूनही बघत नाही. आणि सुट्टीत शेजारी शिक्षक नसतो, शब्दकोश नसतो, गुण नसतात. अडलं की पुस्तक मिटतं, एवढाच नियम.

मंगळवार, रात्री

अवघडपणा मोजायचा कसा? पाच बोटांची चाचणी जुनी आहे, पण कामाची. शंभरएक शब्दांचं एक पान उघडायचं, मुलाला अडेल असा शब्द आला की एक बोट मिटायचं. एखादं बोट मिटलं तर सोपं, दोन-तीन मिटली तर बेताचं, चार म्हणजे मदत लागेल, पाच म्हणजे ठेवून द्यायचं. शाळेच्या वाचनासाठी दोन-तीन बोटं चालतात. भेटीसाठी एकच. पहिल्या पानावर चाचणी घेऊ नये. पहिलं पान लेखक आणि संपादक दोघांनी घासूनपुसून ठेवलेलं असतं. साठावं पान उघडावं, मग शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातलं एखादं.

इंग्रजी पुस्तकांना अवघडपणा दाखवणारा लेक्साइलसारखा आकडा दिलेला असतो. वाक्यं किती लांब आणि शब्द किती वापरातले, यावरून तो निघतो. आशयाचं त्याला काहीच कळत नाही. लहान-लहान वाक्यांत लिहिलेली युद्धाची भीषण कादंबरी त्या आकड्याप्रमाणे नऊ वर्षांच्या मुलाची ठरू शकते.

मराठीत आणखी एक गोम आहे. घरात मराठी आणि शाळेत दुसरी भाषा असलेली मुलं कानानं बारा वर्षांची असतात, डोळ्यांनी आठ वर्षांची. गोष्ट ऐकवली तर सगळी कळते, पण ‘उद्ध्वस्त’, ‘हृदय’, ‘राष्ट्र’ ही अक्षरं छापलेली दिसली की गाडी थांबते. शब्द ओळखीचाच असतो, चित्र अनोळखी असतं. अशा मुलासाठी पाच बोटांची चाचणी शब्दांवर न घेता जोडाक्षरांवर घ्यावी. आणि जोडाक्षरं उभी, एकाखाली एक रचलेली आहेत की अर्धं अक्षर मोकळं दाखवून आडवी, तेही बघावं. आडवी असली तर नवख्या डोळ्याला सोपं जातं. आशय मात्र बारा वर्षांचाच हवा. त्याला बडबडगीतांचं पुस्तक देणं म्हणजे चारचौघांत अपमान. चित्रकथा किंवा कॉमिक हा उत्तम मधला मार्ग: पानावर शब्द कमी, प्रसंग मोठ्या माणसांचे. ऑडिओबुक आणि छापील प्रत अशी जोडीही देता येते, फक्त दोन्हींचा मजकूर शब्दशः एकच आहे ना, हे दहा ओळी ताडून बघावं. ऑडिओ संक्षिप्त आणि पुस्तक पूर्ण असलं की बोट ओळीवरून घसरतं आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय.

बुधवार

आज नुसतं पुस्तकाच्या अंगाकडे पाहिलं.

डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची पानावर ओळी मोजाव्यात. २६ ते २८ ओळी असल्या तर दहा-बारा वर्षांच्या डोळ्याला निवांत. ३५-३६ झाल्या की देवनागरी गुदमरते. वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार, दोन ओळींत त्यांना जागाच उरत नाही. रोमन लिपीला चालणारं ओळींमधलं अंतर आपल्याला पुरत नाही, आणि पानं वाचवायला निघालेले लोक नेमकं तेच अंतर कापतात. पुस्तक मधोमध उघडावं: आतल्या समासाजवळचे शब्द दिसायला प्रत दाबून धरावी लागत असेल तर ती परत ठेवावी. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या जाड पुस्तकाची पाठ पोटावर पडून वाचणाऱ्या मुलाच्या हातात सुट्टीभर टिकत नाही. शिवलेल्या बांधणीत पानांचे जुडगे वरच्या कडेला वेगवेगळे दिसतात, दुमडीत दोरा दिसतो.

मग श्रेयपान, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती वगैरे तपशील छापलेलं सुरुवातीचं पान. हे कोणी वाचत नाही आणि निम्मी फसगत इथेच उघडी पडते. गाजलेल्या जुन्या कादंबरीचं चकचकीत मुखपृष्ठ असतं, आत श्रेयपानावर बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’. चारशे पानांची गोष्ट नव्वद पानांत बसवली की घटना उरतात, माणसं जातात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ओळख म्हणून चालेल. चौदा वर्षांच्या मुलीला दिलं तर तिला पुस्तक वाचल्यासारखं वाटतं आणि मूळ पुस्तक कायमचं सुटतं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव शोधावं. नावच नसेल तर मीही ते घेत नाही. नाव असलं तरी एक संवाद मोठ्यानं वाचावा. बारा वर्षांचा पोरगा मित्राला ‘मला भीती वाटते की आपण उशिरा पोहोचलो आहोत’ असं म्हणत असेल तर अनुवाद मूळ भाषेतच अडकलाय. ‘मेलो! उशीर झाला’ असं काही तोंडात असेल तर घ्यावं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, टिपून ठेवावा. २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधीचा १० आकडी. एकाच नावाची पूर्ण आवृत्ती, संक्षिप्त आवृत्ती, पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी यांचे क्रमांक वेगवेगळे असतात. घरबसल्या मागवताना नावावर मागवलं की नको ती प्रत येते, क्रमांकावर मागवलं की सहसा चुकत नाही.

गुरुवार

गोष्टी न आवडणारी मुलं असतात. ती वाचत नाहीत असं घरात ठरलेलं असतं, पण तीच मुलं धावसंख्येचे तक्ते, नकाशे, विमानांच्या जाती, सापांची माहिती तोंडपाठ म्हणून दाखवतात. हे वाचनच आहे. त्यांना कादंबरीकडे ‘वळवायला’ सुट्टी खर्च करू नये.

माहितीच्या पुस्तकात मात्र शिळेपणा ओळखता आला पाहिजे, कारण नवं मुखपृष्ठ घालून जुना मजकूर पुन्हा छापणं ही जुनीच खोड आहे. खगोलशास्त्राचं पुस्तक असेल तर ग्रह मोजावेत. प्लूटोला बटुग्रहांत टाकलं ते ऑगस्ट २००६ मध्ये. नऊ ग्रह दिसले तर मजकूर त्याआधीचा, किंवा कोणी तपासलेला नाही. रसायनशास्त्रात आवर्तसारणीची सातवी ओळ बघावी. ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांची निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगानेसॉन ही नावं २०१६ मध्ये पक्की झाली. त्या चौकटी रिकाम्या असतील किंवा तिथे ‘उनउन’नं सुरू होणारी तात्पुरती नावं असतील तर पुस्तक खाली ठेवावं. हे बघायला अर्धा मिनिट लागतो. हे खूळ असलेल्या मुलाला ती चूक अर्ध्या मिनिटाच्याही आत सापडते, आणि मग उरलेल्या पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडतो.

शुक्रवार, उशिरा

कुमारवयीन मुलांची यादी अजून अर्धी रिकामी आहे. इथे चुकायच्या जागा जास्त.

आठ-बाराच्या पुस्तकात संकट बहुधा बाहेरून येतं आणि शेवटी नायक घरी परततो. तेराच्या पुढच्या पुस्तकात घरच प्रश्न असू शकतं. प्रेम, शरीर, मृत्यू, स्वतःला इजा करून घेणं, हे सगळं तिथे येतं आणि यायलाही हवं. पण कुठे आणि कसं येतं हे मुखपृष्ठावरून कळत नाही. पेस्टल रंगाच्या गोड चित्रामागे फार काळी गोष्ट असू शकते. पहिली तीस पानं वाचून समाधान मानू नये. जड प्रसंग साधारण दोन-तृतीयांश पुस्तक झाल्यावर येतो, तिथली पंधरा-वीस पानं वाचावीत. नुकतंच घरात कोणी गेलं असेल त्या मुलाला मृत्यूवरचं ‘समजावणारं’ पुस्तक सुट्टीची भेट म्हणून देऊ नये. त्याला पंधरा दिवस विनोदी काही वाचू द्यावं.

‘स्वतःला सुधारा’ छापाची पुस्तकं पूर्ण वगळली. ‘वेळेचं नियोजन’ दिलं की पंधरा वर्षांच्या मुलाला एवढंच ऐकू येतं: तू वेळ घालवतोस. वयात येण्याविषयीची पुस्तकं चांगली असतात, पण ती पाहुण्यांसमोर कागद फाडून उघडायची नसतात. ती वेगळी द्यावीत, काही न बोलता.

अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकत्या काचेची दारं म्हटलं होतं: आपलं जग दाखवणारी, दुसऱ्याचं दाखवणारी आणि त्यात शिरू देणारी. मोठी माणसं खिडक्या विकत घेण्यात पटाईत, दूरचे देश, थोरांचे संघर्ष वगैरे. आपल्यासारखं बोलणारं, आपल्यासारख्या घरात राहणारं, आपल्यासारखंच वर्गात मागच्या बाकावर बसणारं कोणी पुस्तकात दिसणं या वयात फार लागतं. दोन पुस्तकं द्यायची असतील तर एक आरसा ठेवावा.

मालिका. अख्खा संच देण्याचा मोह आवरावा. पहिलं पुस्तक नाही आवडलं तर उरलेली सहा टेबलावरून टोमणे मारत राहतात. पहिला भाग द्यावा, फार तर दुसरा. मूल मालिकेच्या मध्यावर असेल तर कितवा भाग झाला हे पक्कं कळल्याशिवाय पुढचा घेऊ नये. रहस्यकथांच्या बऱ्याच मालिका कुठूनही वाचता येतात, कल्पनारम्य मालिका सहसा नाही. मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, मूळ मांडणीत असेल तर उजवीकडून डावीकडे वाचतात. हे ठाऊक नसलेले आजोबा ‘पुस्तक उलटं बांधलंय’ म्हणून बदलायला निघतात.

शनिवार

हिशेब. चौदा दिवसांची सुट्टी, रोज अर्धा तास वाचन धरलं (जास्त धरणं हा आशावाद झाला), तर सात तास होतात. मिनिटाला १२० शब्दांच्या गतीनं सात तासांत पन्नासएक हजार शब्द. पानावर अडीचशे शब्द धरले तर दोनशे पानं. म्हणजे मध्यम गतीच्या मुलासाठी एक दोनशे पानी पुस्तक हीच पूर्ण सुट्टी. त्याला पाच पुस्तकांचा गठ्ठा दिला की चार न वाचल्याचा अपराध आपण भेट देतो. झपाट्यानं वाचणाऱ्याला तीन द्यावीत, पण त्यातलं एक हमखास आवडणारं, एक आपला जुगार आणि एक उगाच मजेचं. हळू वाचणाऱ्याला दोन: एक शंभर पानांच्या आतलं आणि एक कुठूनही उघडता येईल असं.

रविवार

बांधाबांध. पहिल्या पानावर पेनानं काही लिहिलं नाही, कारण लिहिलेली प्रत बदलून मिळत नाही. नाव आणि तारीख जाड कागदाच्या पट्टीवर लिहिली, तीच खूण म्हणून वापरता येते. आशीर्वाद नाही, ‘वाचाल तर’ नाही. कामाला येईल तेवढंच: ‘सुरुवात जरा संथ आहे, २३व्या पानावर कुत्रा हरवतो.’ जुगाराच्या पुस्तकातल्या पट्टीवर एक ओळ जास्त: ‘नाही आवडलं तर सोडून दे.’ फ्रेंच शिक्षक आणि लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यात पहिला हक्क न वाचण्याचा आहे आणि तिसरा अर्धवट सोडण्याचा. मुलांना ते हक्क मोठ्यांच्या तोंडून सहसा ऐकायला मिळत नाहीत.

बदलून घ्यायची शेवटची तारीख दुकानाच्या पावतीवर असते. सुट्टी लागण्याआधीच ती उलटून जाणार असेल तर खरेदी आठवडाभर पुढे ढकलावी. पावती मुलाच्या हातात, पाकिटात घालून. आईवडिलांकडे दिली तर ‘इतक्या प्रेमानं दिलंय, बदलायचं काय’ म्हणून ती कपाटात जाते.

तेरा वर्षांच्या मुलीचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. तिच्या भावाला फोन करायचा आहे.