सगळ्या चुका सहाच्याच

किबेरा ही नैरोबीतली पत्र्याच्या घरांची मोठी वस्ती. तिथल्या एका छोट्या शाळेत मी गणिताला मदतनीस होतो. शाळेचं छतही पत्र्याचंच. मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या दिवसांत सर कोसळली की वर्गात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, त्यामुळे तेव्हा लेखी कामच द्यावं लागतं. त्या दिवशीही पाऊस होता म्हणून तिसरीला घड्याळाचा पेपर दिला आणि बाई दुसऱ्या वर्गावर गेल्यामुळे तपासायला मी बसलो.

पेपर ४३ होते. घड्याळात सात वाजलेत, उत्तर लिहिलंय एक. नऊ वाजलेत, उत्तर तीन. शाळा किती वाजता भरते? दोन. जेवणाची सुट्टी किती वाजता? सात. दहा-बारा पेपरांनंतर लाल पेन खाली ठेवलं. घड्याळ न येणाऱ्या मुलाच्या चुका विखुरलेल्या असतात. कुणी लहान-मोठा काटा उलट धरतो, कुणी पाचाचा पाढा विसरतो. इथे २६ पेपरांत प्रत्येक चूक नेमकी सहाची होती. म्हणजे मुलांना घड्याळ नीट वाचता येत होतं.

बाई परत आल्यावर पेपर दाखवले. एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "स्वाहिलीत वाचलंय त्यांनी."

स्वाहिलीत तास सूर्योदयापासून, म्हणजे ढोबळमानाने सकाळी सहापासून मोजतात. नैरोबी विषुववृत्ताला लागून असल्यामुळे तिथे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे हा हिशेब कधी बिघडत नाही. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. दुपारचा एक म्हणजे 'सा साबा', सातवा तास. घड्याळं मात्र जगासारखीच लावलेली असतात. लोक आकडा सात बघतात आणि तोंडाने एक म्हणतात. मूल घरी रोज ऐकतं की जेवण सात वाजता, आणि पेपरात तेच लिहितं. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. तिथे गणिताला 'हेसाबू' म्हणतात आणि पुस्तकाला 'किताबू'. पावणेआठला ते 'सा म्बिली कासोरो रोबो' म्हणतात, म्हणजे दुसऱ्या तासाला पाव कमी. आपलं 'पावणे' तरी दुसरं काय आहे?

मला राग आला तो रजिस्टर उघडल्यावर. आधीच्या तीन स्वयंसेवकांनी याच मुलांच्या नावांपुढे 'वेळ वाचता येत नाही' असा शेरा मारला होता आणि त्यावरून सहा जण कच्च्या गटात, मागच्या बाकावर गेले होते. दर दोन-तीन आठवड्यांनी नवा माणूस येतो, रंगीत खडू आणि फुगे वाटतो, फोटो काढतो. बाईंच्या शेजारी बसून चार दिवस नुसतं ऐकायला कुणालाच सवड नसते. एक पूर्ण सत्र, म्हणजे तीनेक महिने राहणार नसेल, त्याच्या हाती खडू देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाठवणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकात लसींबद्दल दोन पानं होती, स्वाहिली वेळेबद्दल एक ओळही नव्हती.

परीक्षेत इंग्रजी वेळच धरतात, म्हणून रूपांतर शिकवावं लागतं. सहा मिळवा किंवा सहा वजा करा असं सांगितलं की मुलं अडखळतात, कारण कधी मिळवायचे आणि कधी वजा करायचे हे त्यांना कळत नाही. त्यापेक्षा सोपी गोष्ट तबकडीवरच आहे: स्वाहिली आकडा नेहमी बरोबर समोर असतो. सातच्या समोर एक, नऊच्या समोर तीन.

त्यावरून पुठ्ठ्याची घड्याळं केली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर ताटली ठेवून वर्तुळ आखायचं. आधी १२, ६, ३, ९ लिहायचे, मग प्रत्येक फटीत दोन-दोन आकडे. एकपासून ओळीने लिहीत गेलं की दहा-अकराला जागा उरत नाही. तासकाटा मध्यावर संपवायचा नाही. पुढे सात सेंटिमीटर काळा, मागे पाच सेंटिमीटर लाल शेपूट. काळं टोक शाळेची वेळ दाखवतं, लाल टोक घरची. खिळ्याने पाडलेलं भोक दोन दिवसांत मोठं होतं आणि काटा आपल्या वजनाने सहावर घसरतो. म्हणून शेपूट जवळपास दुप्पट रुंद कापायचं, दोन्ही बाजू तोलल्या जातात. भोकाच्या मागेपुढे दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा घालून मग तार पिळायची. साडेसात दाखवताना काळं टोक सात आणि आठच्या मधोमध आलंय का, हे प्रत्येक हातात बघावंच लागतं. मुलं ते सातवरच ठेवतात.

पेपर बाईंनी पुन्हा तपासले. प्रत्येक घड्याळाखाली आता दोन रिकाम्या जागा असतात, एक शाळेच्या वेळेसाठी आणि एक घरच्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीला वीसपैकी चार होते, ते अठरा झाले. तिला पुढे बसवलं. पण आधीच्या वर्गांच्या वह्या रद्दीत गेल्या आहेत, त्या पुन्हा तपासता येत नाहीत. त्या मुलांपुढचे शेरे रजिस्टरात तसेच आहेत.