जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका

गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तो गाडी उचलतो, पण तिला धरून ठेवणं त्याचं काम नाही. घरी गाडीची कामं करताना होणारे सगळ्यात वाईट अपघात हा फरक विसरल्यामुळे होतात. गाडीखाली डोकावायला दोन मिनिटंच लागणार असतात, म्हणून जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारा लोखंडी आधार, लावायचा कंटाळा केला जातो.

जॅक सहसा मोडत नाही, कलंडतो. गाडी दोन-तीन इंच जरी पुढे-मागे सरकली तरी तो तिरका होतो आणि निसटतो. नाशिकमधल्या सोसायट्यांच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून बेताचा उतार दिलेला असतो. उभं राहून तो जाणवत नाही, गाडीला मात्र जाणवतो. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा भागातल्या बंगल्यांसमोर पेव्हर ब्लॉक असतात आणि जॅकच्या एवढ्याशा बुडाखाली एखादा ब्लॉक खचतो. पावसाळ्यात काळ्या मातीवर तर जॅक लावूच नये. पक्की फरशी नसेल तर जॅकखाली फूटभर लांब-रुंद, किमान १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा ठेवा.

हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावा, एकावर भागत नाही. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, तर आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये गिअर पुढच्या चाकांना धरतो. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकावरची गिअरची पकडही जाते. मागचं चाक उचललं तर हँडब्रेकची एका बाजूची पकड जाते. म्हणून उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचेच.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. हवेतल्या गाडीवर पान्याला झटका दिला की जॅक हलतो. जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, दोन खाचांच्या मध्ये असते. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. नंतर त्याच बाजूला २ टनी जॅक स्टँड लावा आणि गाडी हळूहळू त्यावर उतरवा. आत जाण्याआधी बाजूने जोर लावून हलवून बघा. हलायची असेल तर तेव्हाच हलू दे. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे सगळं चुकलं तरी थोडी जागा उरते. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून कधीच नकोत. त्यांच्यावर एका बिंदूवर भार आला की ते कसलाही इशारा न देता फुटतात.

नट परत लावताना आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि शेवटचा जोर गाडी खाली आल्यावर लावा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाव मीटरच्या पान्यावर ६० किलोचा माणूस उभा राहिला तर जवळपास १५० न्यूटन-मीटर होतो, त्यामुळे पान्यावर नाचू नये. आट्यांना तेल लावलं तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

कसारा घाट चढताना गाडी तापली की लोक लगेच रेडिएटरचं झाकण उघडतात. आत दाब असतो, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर उडतं. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा जाड पाइप थंड झाला आणि हाताने सहज दाबता आला, की जाड कापड धरून झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. किल्ली काढली तरी काही गाड्यांचा पंखा आपोआप सुरू होतो, बोटं लांब ठेवा.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. अंगठी आणि कडं आधी काढून ठेवा, कारण त्या करंटने धातू लाल होतो आणि बोट भाजतं.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत शटर लावलेल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होईपर्यंत उशीर झालेला असतो.

सस्पेन्शनची स्प्रिंग, एअरबॅगचे पिवळे कनेक्टर आणि सीएनजीची लाइन यांना घरी हात लावू नये. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये भरल्यावर २०० बारच्या आसपास दाब असतो. वास आला तर इंजिन बंद करा, सिलिंडरवरचा व्हॉल्व बंद करा, दारं उघडा आणि अधिकृत सीएनजी मेकॅनिकला बोलवा. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण तोवर दाबू नका.