विटांचे हीटर काढावेत की ठेवावेत? माझा ग्लासगोतला अनुभव

ग्लासगोत फ्लॅट घेताना ‘इमारतीत गॅस नाही’ हे वाक्य मी फार मनावर घेतलं नव्हतं. स्वयंपाक विजेवर करू, त्यात काय! पण इथे डिसेंबरात पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला मावळतं. पैसे जातात ते घर उबदार ठेवण्यात, आणि गॅस नसेल तर तेही विजेवरच.

घरात दोन जुने स्टोरेज हीटर होते. वरून पत्रा, आत जड विटा. रात्री सात तास वीज स्वस्त, तेवढ्यात विटा तापवून घ्यायच्या आणि त्यांनी दिवसभर ऊब सोडायची. १९७८ साली सुरू झालेली ही ‘इकॉनॉमी ७’ नावाची दरयोजना. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, “आम्ही रात्री राखेखाली विस्तव झाकून ठेवायचो, तसंच की.” अगदी तसंच. फक्त मी संध्याकाळी घरी यायचो तेव्हा विस्तव विझत आलेला असायचा.

२०२५च्या सुरुवातीला वीज कंपनीचं पत्र आलं: मीटर बदलावा लागेल. स्वस्त वीज कधी सुरू करायची हे आमचा मीटर रेडिओच्या संदेशावरून ठरवायचा, तोही बीबीसी रेडिओ ४च्या लाँग वेव्हवरून येणाऱ्या. ती सोय ३० जून २०२५पासून टप्प्याटप्प्याने बंद होणार होती. आपला हीटर रेडिओ ऐकून तापतो, हे मला पाच वर्षं राहूनही माहीत नव्हतं.

मीटर बदलतोच आहे तर हीटरही बदलावेत का, हा विचार तिथून सुरू झाला. पॅनेल हीटर (भिंतीवरचे, विटा नसलेले, लावले की लगेच तापणारे) विकणारा एकजण घरी येऊन “कमी विजेत जास्त उष्णता” असं तासभर सांगून गेला. साफ खोटं. साध्या हीटरमध्ये एक युनिट वीज घातली की एकाच युनिटाची उष्णता मिळते, मग तो तीस पौंडांचा असो की आठशेचा. याहून जास्त देतो तो हीट पंप, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. पण त्याचा बाहेरचा भाग चौथ्या मजल्याच्या भिंतीवर बसवायला सगळ्या मालकांची संमती हवी. दोन ईमेलनंतर मी नाद सोडला.

मग वर्षाची बिलं काढून बसलो. एकूण ६००० युनिट, त्यातली ५८ टक्के रात्रीची (पाण्याची टाकीही रात्रीच तापते). रात्री १५ पेन्स, दिवसा ३१. म्हणजे वर्षाला साधारण १३०० पौंड. पॅनेल लावून २६ पेन्सच्या एकाच दरावर गेलो असतो तर तेवढ्याच युनिटांचे १५६० झाले असते. पॅनेल हवं तेव्हाच लावता येतं, त्यामुळे वापर कमी होईल हे खरं. पण तो ५०००च्या आसपास उतरला तर कुठे बरोबरी. शेवटी हॉलमध्ये पंखा असलेला नवा स्टोरेज हीटर घेतला आणि झोपायच्या खोलीत पॅनेल, कारण तिथे झोपण्याआधी अर्धा तास पुरतो. नव्या हीटरचा पंखा संध्याकाळी चालायचा तर त्याला दिवसाही वीज हवी. जुन्या हीटरच्या वेगळ्या लाइनीत वीज फक्त रात्रीच येते, तिच्यावर ते जमत नाही, म्हणून इलेक्ट्रिशियनला दुसरी वायर ओढावी लागली. तो खर्च कोटेशनमध्ये नव्हता.

मीटरवाला आला तो साधा मीटर घेऊन. हीटरची वेगळी लाइन बघितली आणि म्हणाला, याला पाच टर्मिनलचा (वायर जोडायच्या पाच जागा असलेला) मीटर लागतो, गाडीत नाही. तीन आठवड्यांनी दुसरा आला, त्याने बसवला. पुढचं बिल उघडलं तर रात्रीचे युनिट दिवसाच्या दराने लावलेले आणि दिवसाचे रात्रीच्या.

फोनवर कुणी ऐकेना. म्हणून पुरावा गोळा करायला एका रात्री साडेबाराला, स्वस्त वीज सुरू व्हायच्या वेळी, मोबाइलच्या उजेडात मीटरच्या कपाटात उभा राहिलो. काहीच झालं नाही. मीटरच बिघडला म्हणून चडफडत झोपायला निघालो, तेव्हा डोक्यात आलं: इथे उन्हाळ्यात सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, मीटरचं मात्र पुढे जात नाही. दीडला ‘टक्’ असा आवाज झाला आणि रात्रीचा आकडा पळायला लागला. त्याचे फोटो पाठवले. बिल दुरुस्त व्हायला तरी दोन महिने गेले.

सांगलीहून भाऊ म्हणाला, “आमच्याकडे स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा नऊ ते पाच वीज स्वस्त, तुमचं उलटंच.” तिकडे दिवसा सौर वीज मुबलक. सूर्याचा फरक, दुसरं काय.

स्वस्त तासांच्या नादात मी वॉशिंग मशीनही रात्री एकला लावायला लागलो होतो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी सकाळी सातला दारात उभ्या. कपडे आता ३१ पेन्सनेच धुतो.