तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे कोड दुसऱ्या प्रोसिजरला द्यायचे कसे?

परवा लातूरला एका पोरानं परत तोच प्रश्न विचारला, जो मला वर्षातनं चार-पाच जण तरी विचारतात. "सर, हजारभर शेतकऱ्यांचे कोड दुसऱ्या स्टोअर्ड प्रोसिजरला द्यायचेत, टेंपररी टेबलात भरून दिले तर चालतंय का? मी केलं तर इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम म्हणायलंय." (स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम, टेंपररी टेबल म्हणजे कामापुरतं तात्पुरतं टेबल, आणि ती एरर म्हणजे सर्व्हरला त्या नावाचं टेबल सापडलं नाही.) चालतंय, मी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर साखर कारखान्याची ऊसबिलं कित्येक हंगाम अशीच काढतोय. फक्त ते टेबल नेमकं कुणाचं आहे हे डोक्यात पक्कं पाहिजे.

आधी मी पण कोड स्वल्पविराम लावून एका व्हारकॅरमधनंच, म्हणजे मजकुराच्या एका पॅरामीटरमधनंच पाठवायचो. व्हारकॅर ८००० अक्षरांचा, सहा आकडी कोड आणि एक स्वल्पविराम, म्हणजे बरोबर ११४३ शेतकरी बसतात, ११४४ वा गपचूप कापला जातो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. ऊस घातलेला माणूस यादीतनंच गायब. (२०१६ पासून स्ट्रिंग स्प्लिट हे फंक्शन आलंय, त्यानं यादी फोडायची सोय झाली, पण कापलेली यादी फोडून काय उपयोग.)

मग कुणीतरी सांगितलं डबल हॅशचं (नावाआधी ## असलेलं) टेंपररी टेबल कर, सगळीकडं दिसतंय. केलं. कोडमध्ये लिहिलं होतं की टेबल असेल तर रिकामं कर, नसेल तर बनव. एका पंधरवड्याला दोन कारकून शेजारी-शेजारी बसून बिलं काढायले होते, एकाकडं पूर्व गट, दुसऱ्याकडं पश्चिम गट. पहिल्याचं बिल निघालं, कपात सुरू व्हायच्या आधी दुसऱ्यानं बटण दाबलं, टेबल रिकामं होऊन त्यात पश्चिम गट भरला, पहिल्याची कपात त्या पश्चिम गटावरच चालली आणि मग दुसऱ्याची पण त्याच्यावरच. पूर्व गटाची कपात झालीच नाही आणि पश्चिमची दोनदा झाली. तीन दिवसांनी एक म्हातारे शेतकरी बिलाची स्लिप घेऊन आले, सोसायटीच्या कर्जाची ओळ दोन वेळा छापलेली, त्या दोन ओळींवर बोट ठेवून ते म्हणाले, "बाबा, कर्ज एकदाच काढलंय मी." ती स्लिप मी अजून जपून ठेवलीय. डबल हॅशचं टेबल त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांचं असतं, ते असल्या कामाला वापरायचंच नाही, हे मी ठामपणे सांगतो.

एकेरी हॅशचं (नावाआधी एकच #) टेबल ज्याच्या कनेक्शनवर बनलं त्याचंच. दोन कारकुनांनी एकाच नावाचं बनवलं तरी टेंपडीबीमध्ये, म्हणजे तात्पुरत्या टेबलांच्या डेटाबेसमध्ये, सर्व्हर त्या नावापुढं अंडरस्कोअर आणि आकडे जोडून दोन वेगळी टेबलं ठेवतो, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. आणि दिसण्याचं म्हणाल तर पाटाच्या पाण्यासारखं आहे, वरून खाली जातं, खालून वर चढत नाही. वरच्या प्रोसिजरनं बनवलं तर तिनं बोलावलेल्या सगळ्या प्रोसिजरना ते दिसतं, त्या वाचतात, त्यात लिहितात पण. खालच्या प्रोसिजरनं बनवलं तर ती संपली की टेबल पण संपलं. म्हणून बनवायचं वर आणि भरायचं कुठंही. माझ्याकडं मुख्य प्रोसिजर कोड भरते, कपातीची प्रोसिजर त्याच ओळींमध्ये रक्कम लिहून जाते, बँक यादीची तिथनंच उचलते. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे ते, त्यामुळं हे सगळं एका दमात व्हावं लागतं.

आता त्या पोराचं काय चुकलं होतं, तर तो डॉट नेटमधल्या ॲपमधनं टेबल बनवायचा आणि त्याच कमांडला एक पॅरामीटर जोडलेला होता. पॅरामीटर असला की ती कमांड आतनं एसपी एक्झिक्यूट एसक्यूएल या सर्व्हरच्याच प्रोसिजरमधनं जाते, ती स्वतःच एक खालची पायरी झाली, कमांड संपली की टेबल गेलं. क्रिएट टेबलची कमांड बिनपॅरामीटरची वेगळी पाठवली, कनेक्शन उघडंच ठेवलं, चाललं लगेच.

खरं तर ॲपमधनंच यादी द्यायची असेल तर मी टेबल व्हॅल्यूड पॅरामीटर (आख्खं टेबलच पॅरामीटर म्हणून) घ्या म्हणतो, २००८ पासून आहे, आधी टाईप बनवावा लागतो आणि प्रोसिजरच्या वरच्या ओळीतच लिहिलेलं राहतं की मला ही यादी पाहिजे. पण तो रीडओन्ली, म्हणजे नुसता वाचायचा असतो, आतली प्रोसिजर त्यात कपात लिहू शकत नाही, म्हणून प्रोसिजर ते प्रोसिजर मी हॅशच ठेवलंय.

हॅशची खोड अशी की खालच्या प्रोसिजरला काय लागतं ते तिच्या पॅरामीटरमध्ये कुठंच दिसत नाही. टेबल नसलं तरी प्रोसिजर मुकाट बनते, रन करताना फुटते. आणि खाली कुणी त्याच नावाचं दुसरं टेबल बनवलं तर वरचं झाकलं जातं, एरर न येता. म्हणून मी प्रत्येक खालच्या प्रोसिजरच्या सुरुवातीला ऑब्जेक्ट आयडीनं टेबल आहे का बघतो, नसेल तर स्वच्छ मराठीत एरर थ्रो करतो, "आधी निवडीचं टेबल बनवा, कॉलम हे हे". नावं पण लांबलचक ठेवतो, ऊसबिल निवड वगैरे, नुसतं टेंप कधीच नाही. सर्व्हर बदलला आणि कोलेशन (मजकूर जुळवायचे नियम) कॉन्फ्लिक्टची एरर यायला लागली तर मजकुराच्या कॉलमला कोलेट डेटाबेस डिफॉल्ट लावा, टेंपडीबीचं कोलेशन वेगळं निघालेलं असतं.

तुमचं अजून अडलं असेल तर टेबल बनवता तिथं आणि प्रोसिजर बोलावता तिथं, दोन्हीकडं एसपीआयडी, म्हणजे कनेक्शनचा नंबर, छापून बघा. आकडे वेगळे आले तर कनेक्शन बदलतंय, आणि कनेक्शन मध्ये बंद न होता एकच आला तर टेबल बहुधा कुठल्यातरी खालच्या पायरीवर बनतंय, ती पायरी शोधा.