हिरव्या बांगडीचा तुकडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा स्नेहसंमेलनापासून मैदानावरच्या कवायतीपर्यंत कितीतरी गोष्टी आठवल्या. परंतु लिहावेसे वाटते ते नववीतल्या भूमितीच्या एकाच तासाविषयी.

वर्तुळाचा धडा आम्हाला तोंडपाठ होता. केंद्रातून जीवेवर (वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडावर) टाकलेला लंब जीवेला दुभागतो, एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते, हे आम्ही घडाघडा म्हणत असू. पण त्याचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता आले नसते. हे ओळखूनच सरांनी प्रत्येकाला घरून बांगडीचा तुकडा आणायला सांगितले. लालबागच्या आमच्या चाळीत आदल्याच दिवशी कपडे धुताना आईची हिरवी बांगडी वाढवली होती (फुटली, असे आमच्या घरात कधी म्हणत नसत).

तुकडा वहीवर ठेवून आतली कड पेन्सिलीने गिरवली, त्या कंसावर तीन बिंदू घेऊन दोन जीवा काढल्या आणि कर्कटकाने दोन्हींचे लंबदुभाजक, म्हणजे जीवेच्या मध्यातून काटकोनात जाणाऱ्या रेषा, काढले. जीवेच्या लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू तिच्या दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून दोन लंबदुभाजक जिथे छेदतात तो बिंदू तिन्ही बिंदूंपासून समदूर, म्हणजेच तो केंद्र, हे सरांनी एकेका बाकाजवळ उभे राहून समजावले. कर्कटकाचे टोक तिथे रोवून फिरवले, तेव्हा पेन्सिलीची रेघ गिरवलेल्या कंसावरून तंतोतंत गेली आणि नसलेली बांगडी वहीवर पूर्ण झाली. व्यास 5.7 सेंटिमीटर भरला, म्हणजे सव्वादोन इंच. आईच्या बांगडीचे माप 'दोन-चार', म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश! तो आनंद मला आजही शब्दांत मांडता येत नाही.

शेजारच्या मित्राचे वर्तुळ मात्र चुकले. त्याचा तुकडा आखूड होता आणि बिंदू जवळजवळ असल्याने दोन्ही लंबदुभाजक जवळपास समांतर आले होते. अशा वेळी रेघ केसभर हलली तरी केंद्र कितीतरी सरकते. बिंदू शक्य तितके लांब घ्यावेत, हे पुस्तकात नसलेले शहाणपण सरांनी तेव्हाच दिले.

पुढे कुर्ल्याच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणारा कारागीर, म्हणून लागलो. एकदा तुटलेल्या पुलीचा नुसता तुकडा समोर आला आणि तशीच नवी पुली हवी होती. तुकड्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर 24 सेंटिमीटर आणि मध्यावर कंसाची उंची 4 सेंटिमीटर भरली. केंद्रातला लंब जीवेला दुभागणार, म्हणून अर्धी जीवा 12. त्रिज्येतून 4 वजा केले की केंद्रापासून जीवेचे अंतर मिळते. पायथागोरसच्या प्रमेयाने 12 चा वर्ग आणि त्या अंतराचा वर्ग यांची बेरीज त्रिज्येच्या वर्गाएवढी मांडली. आठपट त्रिज्या 160 आली आणि त्रिज्या 20. खडूने पत्र्यावर केलेले ते गणित दोनदा तपासले आणि 40 सेंटिमीटर व्यासाची पुली लेथवर चढवली.