सहावा की सातवा?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्यावीत, असे पत्र आले तेव्हा शाळेच्या एकूण वाटचालीवर लिहावे, असे मी ठरवले होते. पण कागद पुढे ओढल्यापासून विज्ञानाच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचलेले नाही. आपले नाव छापायचे नाही, असे बाईंनी फोनवर बजावले आहे. ज्यांची प्रयोगवही त्यांच्या हातून लाल होऊन परत आली आहे, त्यांना नावाची गरजही नाही.

मी दहावीत होतो त्या वर्षी वर्गातला एक मुलगा थंडी पडली की आठ-आठ दिवस गैरहजर राही. हातपाय ठणकतात, असे तो सांगे आणि ते बहाण्यात जमा होई. बाईंनी मात्र त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, वडिलांना बोलावून नागपूरला रक्त तपासून आणायला लावले आणि निदान झाले सिकलसेलचे. पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. नाव मात्र आमच्यापैकी कोणी ऐकले नव्हते. त्या मुलाचा उल्लेखही न करता बाईंनी नेमलेला धडा बाजूला ठेवला आणि पुढचे चार तास पेशी प्रथिने कशी घडवते, हेच शिकवले.

जमिनीची मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरातून हलत नाही, आपल्या हाती येतो तो उतारा; तसे डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहते आणि बाहेर जातो तो आरएनएवरचा उतारा, अशी त्यांची सुरुवात होती. हा उतारा रायबोझोम, म्हणजे पेशीतला प्रथिने घडवणारा कारखाना, तीन-तीन अक्षरांनी वाचतो, प्रत्येक तिकडीला ठरलेले अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, आणून जोडतो आणि साखळी लांबत जाते. मग त्यांनी फळ्यावर लिहिले : ‘बबन वजन उचल’. त्यातला ‘व’ पुसून ‘भ’ केला, तेव्हा बबन भजन उचलू लागला. पुढे मूळ वाक्यातला दुसरा ‘ब’च पुसला आणि उरलेली अक्षरे पुन्हा तीन-तीन करून आम्हाला मोठ्याने वाचायला लावली : ‘बनव जनउ चल’. एका अक्षराच्या बदलाने एकच शब्द बिघडतो, पण एक अक्षर गळाले तर तिथून पुढचे सगळेच वाचन सरकते, हे मी त्यानंतर कितीतरी जाड पुस्तकांत वाचले. त्या फळ्याहून स्पष्ट कुठेच नव्हते.

सिकलसेलमध्ये घडते ते भजनासारखे. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतले ऑक्सिजन वाहणारे प्रथिन; त्याच्या बीटा नावाच्या साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, कारण उताऱ्यातल्या ‘जीएजी’ या तिकडीचे ‘जीयूजी’ झालेले असते. व्हॅलीन पाण्यापासून अंग चोरते. त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब दोर बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. ठणका तिथला असतो. फरक एवढ्या एकाच जागेचा आहे, हे शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी 1956-57 मध्ये दाखवून दिले होते.

ही साखळी बाईंनी आम्हाला मण्यांत ओवायला लावली : सगळे मणी पांढरे, सहावा लाल. बाकीच्यांना त्यांनी अमिनो आम्लांची यादी दिली होती, माझ्या वाट्याला उताऱ्याचा कागद आला. मी पहिल्या तिकडीपासून, म्हणजे ‘एयूजी’पासून, मोजत गेलो, माझी माळ 147 मण्यांची झाली आणि लाल मणी सातवा आला. वर्ग हसला. बाईंनी माझा कागद घेतला, खडूच्या टोकाने एकेक तिकडी मोजली आणि म्हणाल्या, “मोजणं बरोबर आहे तुझं. पेशीसुद्धा इथूनच सुरुवात करते, पण हा पहिला मणी, मेथिओनिनचा, साखळी होता होताच काढून टाकते. हे मी सांगायला हवं होतं.” मग टेबलाच्या खणातून कात्री काढून त्यांनी माझा पहिला मणी कापला. पुढे कित्येक वर्षे ती माळ प्रयोगशाळेच्या कपाटाला लटकत होती. आता तिथे संगणक कक्ष आहे. तो हवाच, पण एक कपाट ठेवायला जागा नव्हती, हे मला पटत नाही.

आज मी नागपुरात एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सिकलसेलच्या पहिल्या चाचणीत रक्त घातलेल्या परीक्षानळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा आणि द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पुढच्या तपासणीला पाठवायचे, हे काम मी हजारो वेळा केले असेन. आई-वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी दोघांकडेही जनुकाची एक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे तरुण जोडप्यांना समजावताना मी अजून मणीच वापरतो. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. तो उपचार चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतो, असे मी बाईंना सांगितले तेव्हा किंमत ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

मध्यंतरी आमच्याकडे जनुकक्रमाचा एक अहवाल आला आणि नवी सहकारी तो घेऊन धावतच माझ्याकडे आली : सगळ्या पुस्तकांत सहावी जागा आहे, यात सातवी छापली आहे, यंत्र चुकले असावे. आता जागा पहिल्या मेथिओनिनपासून मोजण्याचा संकेत रूढ आहे, हे तिला सांगताना मला हसू आवरेना. रात्री बाईंना फोन केला. माळ त्यांना आठवत होती. क्षणभराने त्यांनी विचारले, “पण रुग्णाकडे जुना कागद असेल, त्यावर सहा. तो घाबरेल ना?” तेव्हापासून आमच्या अहवालात दोन्ही आकडे छापले जातात.